फिटरला दोन दिवस आधी माहीत होतं, मला का नाही?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारे 32 वर्षांचे गृहस्थ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) व्यवस्थापक आहेत. वडील कापूस पिकवणारे, गावही तिथून जवळच. हंगामात 60 च्या आसपास माणसं कामाला असतात : फिटर, प्रेसवाले, हमाल आणि मुकादमामार्फत येणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बाया. नोव्हेंबरात मालात घट जास्त निघाली, म्हणजे घेतलेल्या कापसाच्या मानानं हाती आलेलं वजन फार कमी भरलं. मालकांनी जाब विचारला, तेव्हा यांनी कॅमेरे बसवले, अंगठ्याची हजेरी सुरू केली आणि सुटी होताना फाटकावर बायांच्या पिशव्या-डबे तपासायला माणूस उभा केला. पुढे घट कमी झाली, पण माणसं बोलेनाशी झाली. जानेवारीत एका जिनचं बेअरिंग तापून रुईनं पेट घेतला. आग लवकर आटोक्यात आली. चौकशीत कळलं की त्या मशीनचा आवाज दोन दिवसांपासून बदलला होता आणि ते फिटरपासून रेजांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फिटर एवढंच म्हणाला, "सांगणारच होतो जी." मालकांचं म्हणणं, ढिलं सोडलं की माणसं डोक्यावर बसतात. पत्रलेखक विचारतात : मी यांच्यातलाच असून माझ्यावर यांचा विश्वास का नाही? आणखी कडक व्हावं की नरमावं? की ही नोकरीच सोडावी?

प्रिय भाऊ,

कुणाला इजा झाली नाही हे वाचून आधी जीव भांड्यात पडला. माझं माहेर कापसाच्या पट्ट्यातलं, त्यामुळे रुईची आग काय चीज असते ते मला वेगळं सांगावं लागत नाही. वरून विझलेली दिसते आणि गाठीच्या पोटात दिवसेंदिवस धुमसत राहते. त्या पाळीत बांधलेल्या गाठी तुम्ही बाकीच्यांपासून लांब, उघड्यावर ठेवल्या असतीलच. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या जिनिंगमध्ये असं घडलं, तर त्यांनीही पहिलं काम तेच करावं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आग, घट, कॅमेरे यांबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलं आहे. पण मधे एक ओळ अशी येते की ती लिहिताना तुम्ही थांबलाही नसाल. डिसेंबरात याच फिटरनं एक जिन स्वतःच्या मनानं बंद केली, दोन तासांचं उत्पादन बुडालं, म्हणून "शिस्तीसाठी" तुम्ही त्याची अर्ध्या दिवसाची रोजी कापली. आणि त्यानं ती बंद का केली होती, हे पत्रात कुठेच नाही. तुम्ही विचारलं होतं का?

मला वाटतं, जानेवारीच्या आगीचं उत्तर त्या ओळीत आहे. तुम्हाला वाटतं की माणसं तुमच्यापासून लपवतात. मला दिसतं ते असं की माणसं हिशेब करतात. फिटरच्या जागी उभं राहून बघा. बेअरिंग आवाज करतंय. सांगितलं, तर मशीन उघडावी लागेल, कापसाची गंजी पडून राहील, गाठी कमी निघतील, आणि संध्याकाळी प्रश्न येईल की मशीन कुणी बंद केली. नाही सांगितलं, तर कदाचित हंगाम तसाच निघून जाईल. बिघडलीच, तर "अचानक बिघडली" म्हणता येतं, आणि अचानकपणाचे पैसे कुणी कापत नाही. रोजीवर घर चालवणाऱ्या माणसाला यातलं स्वस्त काय पडतं ते कळायला शाळा लागत नाही. खरं बोलण्याची किंमत डिसेंबरात अर्धा दिवस ठरली, आणि ती एकट्या फिटरनं नाही, सगळ्या 60 जणांनी पाहिली. "सांगणारच होतो जी" हे वाक्य मला खोटं वाटत नाही. तो दोन दिवस तोच हिशेब करत असणार.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगून पुढे जाते, कारण ती अनेक व्यवस्थापकांना माहीत नसते. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात दंडावर जी बंधनं होती, ती 2019 च्या वेतन संहितेतही आहेत. कोणत्या गोष्टीला दंड होईल ते आधी लेखी लावलेलं पाहिजे. दंड करण्यापूर्वी माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. एका पगाराच्या मुदतीतले (आठवडा असो की महिना) सगळे दंड मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर जाता कामा नयेत. दंडाची नोंद वहीत झाली पाहिजे, आणि तो पैसा मालकाच्या गल्ल्यात जात नाही, कामगारांच्याच भल्यासाठी वापरावा लागतो. महिन्याचा पगार असेल तर अर्ध्या दिवसाची रोजी कदाचित 3 टक्क्यांत बसेलही, आठवड्याच्या पगारात ती बसत नाही. आणि न विचारता, न नोंदवता कापली असेल, तर ती कपात कशीही नियमाला धरून नव्हती. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. फिटरचे ते पैसे परत करताना तुमच्या हातात भक्कम कारण असावं म्हणून सांगते. परत करा असं मी म्हणणार आहे, ते पुढे येईलच.

आता घट. तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाशी मला थोडं थांबायचं आहे. तुम्ही लिहिता, कॅमेरे लावले, पिशव्या तपासायला लागलो आणि घट कमी झाली, म्हणजे चोरी होत होती आणि ती थांबली. पण नोव्हेंबरातला कापूस आणि जानेवारीतला कापूस एक असतो का? हंगामाच्या सुरुवातीला, त्यातही परतीचा पाऊस लांबला की, कापूस ओला येतो. सीसीआय (सरकारी भारतीय कापूस महामंडळ) 12 टक्क्यांवर ओलावा असेल तर घेत नाही, तो सगळा माल खाजगी जिनिंगच्या काट्यावर येतो. समजा तुम्ही 14 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल घेतला आणि गंजीत, मशीनमध्ये वाळत वाळत तो 8 टक्क्यांवर आला. त्या एका क्विंटलमागे साडेसहा किलो वजन निव्वळ पाण्याचं गेलं. ते कुणाच्या पिशवीतून गेलं नाही, हवेत गेलं. शंभर क्विंटलमागे साडेसहा क्विंटल होतात हे. मग पुढे थंडी पडते, कापूस कोरडा येऊ लागतो आणि घट आपोआप उतरते, कॅमेरा असो की नसो.

तुमच्याकडे चोरी झालीच नसेल, असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण रुई ही खिशात मावणारी चीज नाही. फाटकावर रिकाम्या डब्याचं झाकण उघडून दाखवायला लावलेल्या बायांनी किती रुई नेली असती? काट्याच्या वहीत प्रत्येक गाडीचा ओलावा लिहिलेला असेल, तर नोव्हेंबरचा हिशेब अजूनही काढता येईल. तो काढा. ओलावा, काडीकचरा, सरकी, रुई, सगळं मांडा. एका क्विंटलमागे साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आकडा जुळला, तर तुम्ही 40 बायांना तीन महिने पाण्यासाठी चोर ठरवत होतात.

हे वाक्य कठोर आहे, पण मला ते मऊ करायचं नाही. कारण पिशवी तपासली जाते तेव्हा त्या बाईला काय होतं, ते तुम्ही पत्रात "थोडी नाराजी" या दोन शब्दांत संपवलं आहे. या बाया गावात कुणाच्या मावशी आहेत, कुणाच्या सासू. त्यातल्या काही तुमच्या आईला नावानं ओळखत असतील. फाटकाबाहेर ऑटोवाला उभा आहे, हमाल बघताहेत, आणि परक्या पोराच्या हातात तिचा डबा. ती घरी जाऊन काय सांगते? काहीच सांगत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर येते, मान खाली घालून काम करते आणि मशीन आवाज करायला लागली तरी मान वर करत नाही.

तुमचा पहिला प्रश्न होता, मी त्यांच्यातलाच असून असं का. भाऊ, तुम्ही त्यांच्यातले आहात हे खरं, आणि त्याचा तुम्हाला उपयोगही होईल. पण हजेरीची वही ज्याच्या हातात असते तो त्यांच्यातला राहत नाही. पुढच्या दसऱ्याला कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, हे तुमच्या एका शब्दावर असतं. हंगामी माणसाला ही भीती बारा महिने पुरते. शिवाय आपल्या भागात काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसावर विश्वास न ठेवण्याची शिकवण पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. काटा मारणं, ओलाव्याच्या नावानं वजन तोडणं, कवडी, म्हणजे हलका माल, म्हणून भाव पाडणं, चुकारे (मालाचे पैसे) महिनोन्महिने अडकणं, हे तुमच्या वडिलांनी भोगलं असेल, तुमच्या रेजांच्या सासऱ्यांनीही भोगलं आहे. तुमच्याआधी इथे जे कुणी खुर्चीत बसले, त्यांचंही काही तुमच्या नावावर जमा आहे. तो अविश्वास तुम्ही निर्माण केला नाही. पण तो तुमच्या नावावर आहे तोवर फेडावा तुम्हालाच लागेल. आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं आधी विश्वास टाकायचा असतो. उलट क्रमानं ते होत नाही. फिटर तुमच्यावर चुकीचा विश्वास टाकून बसला, तर त्याचं आठवड्याचं रेशन जातं. तुम्ही त्याच्यावर चुकीचा टाकलात, तर दोन तासांचं उत्पादन जातं.

कडक की नरम, हा प्रश्न मला बाजूला ठेवावासा वाटतो. कडक माणसावरही लोकांचा विश्वास असतो. प्रत्येकानं असे एखादे मास्तर पाहिलेले असतात, जे ओरडायचे पण ज्यांच्याकडे अन्याय होणार नाही याची खात्री असायची. आणि नरम माणसावर विश्वास नसतो असंही दिसतं, कारण तो सकाळी हो म्हणतो आणि संध्याकाळी मालकांसमोर गप्प बसतो. माणसं तुमचा आवाज मोजत नाहीत. उद्या काय होईल याचा अंदाज तुमच्याकडे बघून बांधता येतो की नाही, एवढं बघतात.

या बाबतीत विदर्भातलंच एक उदाहरण आहे, आणि तेही कापसाच्याच धंद्यातलं. जमशेटजी टाटांनी 1877 च्या 1 जानेवारीला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. सुरुवातीच्या काळात कामगारांच्या गैरहजेरीनं मिल हैराण होती. आपल्या माणसांना भोंग्यावर चालणाऱ्या कामाची सवयच नव्हती. त्या काळच्या रीतीप्रमाणे दंड करणं, काढून टाकणं सोपं होतं. मिलचे व्यवस्थापक होते बेझनजी मेहता. ते रेल्वेतून आलेले, कापडधंद्याचा अनुभव नसलेले गृहस्थ. त्यांच्या काळात दंडापेक्षा नियमित येणाऱ्यांना बक्षिसं देण्याचा मार्ग धरला गेला. पुढे 1886 मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई. तेव्हा देशात असं करायला लावणारा कायदा नव्हता. तुमची जिनिंग एम्प्रेस मिल नाही, आणि निधी काढणं तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे की म्हातारपणी काय, हात तुटला तर काय, या प्रश्नांचं उत्तरही माणसाला दिलं गेलं, त्याच्याकडून नुसती वेळेवर येण्याची अपेक्षा केली गेली नाही.

आता काय करायचं ते. सुरुवात फिटरपासून करा, आणि त्याला केबिनमध्ये बोलावू नका. केबिनमध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलं, असाच अर्थ कारखान्यात घेतला जातो. त्याच्या मशीनपाशी जा, बाकीचे ऐकतील अशा वेळी जा. त्याला सांगा, "डिसेंबरात तुम्ही जिन बंद केली तेव्हा मी कारण विचारलं नाही. ते चुकलं. कापलेली रोजी या आठवड्याच्या पगारात येईल. आता सांगा, तेव्हा काय झालं होतं?" आणि मग गप्प राहा. तो लगेच बोलणार नाही. "जाऊ द्या ना जी, झालं गेलं," म्हणेल. तरी पैसे द्या. शब्दांपेक्षा त्या शनिवारच्या पाकिटाकडे सगळ्यांचं लक्ष असेल. तुमच्यापेक्षा तो वयानं मोठा आहे असं पत्रावरून वाटतं. तसं असेल तर त्याला "अहो" म्हणता की "ए", याचाही विचार करा.

नंतर एक नियम करा आणि तो मुकादमाला, प्रेसवाल्याला, रेजांना, सगळ्यांना तोंडी सांगा : मशीनमध्ये काही वेगळं वाटलं आणि कुणी सांगितलं, तर मशीन थांबेल आणि त्या थांबलेल्या वेळेची रोजी कुणाचीही कापली जाणार नाही. सांगणारा चुकला आणि मशीनमध्ये काहीच निघालं नाही, तरीही नाही. हा शेवटचा भाग सोडू नका. खोट्या गजराला शिक्षा झाली की खरा गजरही बंद होतो. सुरुवातीला दोन-तीनदा मशीन उगाच थांबेल, तुमचा जीव वरखाली होईल. तेव्हा चेहऱ्यावर काय दिसतं तेही माणसं बघत असतात.

रोज पाळी सुरू होताना एक फेरी मारा. पण "सगळं बरोबर आहे ना?" असं विचारू नका. या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं, "हो जी." गाडगेबाबा कीर्तनात माणसांना प्रश्न विचारत राहायचे आणि उत्तर माणसांच्याच तोंडून यायचं, कारण प्रश्न त्यांच्या रोजच्या जगण्यातला असायचा. तुम्हीही तसा प्रश्न शोधा. काल कोणत्या जिननं जास्त त्रास दिला? कोणत्या रोलरवर रुई अडकते? कोणत्या गंजीत दगड-लोखंड जास्त निघालं? आणि हे रेजांनाही विचारा. त्या दिवसभर मशीनपाशी असतात, त्यांचे कान तयार असतात. आजवर त्यांना कुणी विचारलं नसेल, आणि जे विचारलं ते मुकादमामार्फत. पहिल्या आठवड्यात त्या पदर तोंडाला लावून हसतील. दुसऱ्या आठवड्यात एखादी वयस्कर बाई हळूच सांगेल, "त्या तीन नंबरच्या मशीनचं पाहा जरा, कालपासून कशीतरी वाजते." त्या दिवशी बाकी सगळं सोडून तीन नंबर उघडून बघा, आणि काय सापडलं ते तिला जाऊन सांगा. हे सांगायला जाणं बहुतेक साहेब विसरतात, आणि पुढच्या वेळी ती बाई बोलत नाही.

पिशव्या तपासणं थांबवा. हळूहळू नको, एका दिवसात. गुपचूप बंद करू नका, सांगून बंद करा : घट ओलाव्यामुळे होती असं हिशेबावरून दिसतं, तुमच्यावर संशय घेतला ते बरोबर झालं नाही. मालक म्हणाले तपासणी हवीच, तर फाटकातून जाणाऱ्या प्रत्येकाची होऊ द्या, तुमच्या गाडीची डिकीसुद्धा, आणि बायांसाठी बाईच असावी. कॅमेरे काढायची गरज नाही. काट्यावर, गाठींच्या गोडाऊनात, प्रेसपाशी ते असावेत, आगीच्या दृष्टीनंही बरे. बाया जिथे भाकर खातात, पाणी पितात, लेकराला पाजतात, तिथला मात्र आजच उतरवा. अंगठ्याच्या मशीनबद्दल एवढंच : राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. त्यासाठी शेजारी वही ठेवा आणि मशीननं नाकारलं म्हणून कुणाची हजेरी बुडू देऊ नका. रेशन दुकानात हे सगळं त्या आधीच भोगून आलेल्या असतात.

ओलावा आणि घट यांचा रोजचा आकडा फळ्यावर लिहा. काट्यापाशी, सगळ्यांना दिसेल असा. आज आलेला माल, सरासरी ओलावा, रुई, सरकी, घट. मालकाला वाटेल हे गुपित आहे. पण हमालाला आणि मुकादमाला हे आकडे अंदाजानं ठाऊकच असतात, फक्त ते त्यांच्याशी कुणी बोललेलं नसतं. आकडा उघड असला की घट वाढल्यावर पहिला विचार चोराचा येत नाही. कुणीतरी स्वतःहून म्हणेल की परवाच्या त्या चार गाड्या ओल्याच होत्या.

पगाराबद्दल तुम्ही फार लिहिलं नाही, पण बायांचे पैसे मुकादमाच्या हातून जातात असा उल्लेख आहे. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. दसऱ्याआधी घेतलेली उचल किती, त्यातली फिटली किती, खाडे किती धरले, हे त्या बाईला माहीत असतं का? प्रत्येकीला एक चिठ्ठी द्या : दिवस, खाडे, उचल, हातात आलेले पैसे. जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा, मुकादमानं नाही, तुमच्या दिवाणजीनं. आणि पगार आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हातात पडू द्या. आठवड्याच्या पगाराचं काम असेल, तर साप्ताहिक सुटीच्या आत पैसे देणं कायद्यानंही बंधनकारक आहे. बाजारात उधारीवर भाजी घेऊन आलेली बाई सोमवारी तुमच्या मशीनचा आवाज ऐकत नाही. हंगामाच्या ऐन भरात त्या तुम्हाला सोडून वेचणीला जातात, अशी तुमची तक्रार आहे. वेचणीत तिचा कापूस तिच्या डोळ्यांसमोर मोजला जातो आणि किलोचा भाव तिला तोंडपाठ असतो. तुमच्याकडे तिला तिचाच हिशेब दिसत नाही.

मुकादमाला यात शत्रू करू नका. त्याच्याकडूनच माणसं येतात, आणि गावात त्याचंही तोंड आहे. चिठ्ठ्यांबद्दल त्याला आधी एकट्याला सांगा, उचलीचे त्याचे पैसे बुडणार नाहीत याची खात्री द्या. चिठ्ठीला त्याचा फारच विरोध झाला, तर मग त्या विरोधाचं कारण शोधावं लागेल.

काही गोष्टी करू नका असंही सांगते. सगळ्यांना जमवून "आपण एक कुटुंब आहोत" असं भाषण नको. कुटुंबातून कुणाला एप्रिलमध्ये घरी बसवत नाहीत. मिठाई, साड्या, संक्रांतीचं वाण हे सगळं चांगलं, पण ते विश्वास कमावल्यावर शोभतं. आत्ता दिलंत तर आगीबद्दल तोंड बंद ठेवायला दिलं असं वाटेल. आणि कानाशी लागणारा एखादा माणूस ठेवून आतल्या बातम्या मिळवायचा मोह होईल, तो टाळा. त्या माणसाचं नाव दोन दिवसांत सगळ्यांना कळतं, आणि मग उरलेले सगळे तुमच्याशी नाही, त्याच्याशी जपून बोलतात.

खरंच कुणी चोरी केली तर? तेव्हा डगमगू नका. ज्यानं केली त्याला पुराव्यासकट समोर बसवा, त्याचं ऐका, लिहून घ्या आणि जी कारवाई योग्य ती करा. एकावर नीट चौकशी करून केलेली कारवाई बाकीच्यांना आवडते, कारण त्यांच्याही नावाला लागलेला डाग पुसला जातो. एकासाठी सगळ्यांना फाटकावर उभं केलं, तर तेच सगळे त्या एकाला सांभाळून घेतात.

हे सगळं दालमिलला, राइस मिलला, पतसंस्थेला, संत्र्याच्या पॅकिंगलाही लागू होतं. चूक कळवणाऱ्याचं मागच्या वेळी काय झालं, एवढा एक प्रश्न हाताखाली माणसं असणाऱ्या प्रत्येकानं स्वतःला विचारून बघावा. उत्तर आठवत नसेल, तर ते हाताखालच्यांना नक्की आठवत असतं.

आता मालक. मला माहीत आहे, तुम्ही मधे सापडलेले आहात. वरून "ढिलं सोडू नका", खालून शांतता. मालकांशी विश्वास वगैरे शब्दांत बोलू नका, त्यांना ते हळवं वाटेल. आगीच्या हिशेबानं बोला. किती रुई जळाली, प्रेस किती तास बंद राहिला, किती गाड्या दुसऱ्या जिनिंगला वळल्या, हे कागदावर मांडा. त्याच्या शेजारी दोन आकडे लिहा : एक बेअरिंग वेळेवर बदलायचा खर्च, आणि दोन दिवस आधी मशीन दोन तास थांबवली असती तर बुडालेलं उत्पादन. मग तीन गोष्टी मागा. मशीन थांबवायचा अधिकार फिटरला. पगाराची तारीख न चुकणं. आणि तुमच्या चौकशीशिवाय कुणालाही कामावरून न काढणं. जमलं तर चौथी : हंगाम संपल्यावर फिटरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपुरातल्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पाठवणं. ज्या माणसावर आपण शिकण्याचा खर्च करतो, त्याला पुढच्या वर्षी बोलावणार आहोत हे त्याला न सांगता कळतं. बाकीच्यांसाठी होळीच्या आत पुढच्या हंगामाची यादी करून लावा. यादीत नाव दिसलं की माणूस बोलायला मोकळा होतो, आणि ज्याचं नाव नसेल त्याला कारण विचारायला वेळ मिळतो. मालकांनी ज्याला हो म्हटलं नाही, ते माणसांना कबूल करू नका. "प्रयत्न करतो" असंही म्हणू नका. "हे माझ्या हातात नाही, पण विचारलं आहे," असं स्पष्ट सांगा. तुमच्या हाताबाहेरच्या गोष्टींबद्दल तुम्ही खरं बोलता हे कळलं, की हातातल्या गोष्टींबद्दलचा तुमचा शब्द मोठा होतो.

नोकरी सोडू का, या प्रश्नाचं माझं उत्तर आत्ता तरी नाही असं आहे. कपातीचे पैसे परत करणं, पिशव्यांची तपासणी थांबवणं आणि फळा लावणं या तीन गोष्टी तुमच्या अधिकारात आहेत, त्या या आठवड्यातच होऊ शकतात. गेल्या तीन महिन्यांत गेलेलं तीन आठवड्यांत परत येणार नाही. हंगाम संपेपर्यंत वेळ द्या, कदाचित पुढच्या दसऱ्यापर्यंत. मात्र मशीन थांबवायचा अधिकार मागितल्यावर मालकांनी तोही साफ नाकारला, आणि बेअरिंग तापत असतानाही ढीग संपेपर्यंत चालवा असं म्हणाले, तर तुमची मागणी तारखेसह लेखी देऊन ठेवा आणि दुसरीकडे काम शोधायला लागा. पुढची आग लागेल तेव्हा जाबजबाबात नाव व्यवस्थापकाचं येतं, आणि आत उभ्या असतील त्या चाळीस बाया.